भरल्या भांड्यांची ये-जा

येळवशीच्या, म्हणजे शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावास्येच्या, दिवशी सकाळी सात वाजता नंदीशला त्याच्या आयुष्यातील पहिल्या भाडेकऱ्याकडून घर सोडण्याची चिठ्ठी प्राप्त झाली. देणाऱ्याने ती दोन्ही हातांनी दिली व देताना मान खाली घातली. घेणाऱ्यानेही, प्रसाद घ्यावा त्याप्रमाणे, उजव्या हाताखाली डावा हात धरून ती घेतली. अशा प्रसंगाचा पूर्वानुभव दोघांपैकी एकालाही नव्हता.

“बसा की डॉक्टर,” नंदीश म्हणाला. “च्या घ्या.”

“नको, झालाय. राग मानू नका नंदीशअण्णा. तुमचं काहीच चुकलेलं न्हाई.”

“मग?”

“चिठ्ठीत लिहिलंय,” असे म्हणून बब्रुवान पायातली चप्पल न वाजवता निघून गेला.

चिठ्ठीत काहीच लिहिलेले नव्हते. ‘वैयक्तिक कारणास्तव आम्ही पुढील महिन्याच्या अखेरीस आपले घर रिकामे करीत आहोत. कळावे, लोभ असावा,’ एवढ्याच दोन ओळी. नंदीशने त्या तीन वेळा वाचल्या. लोभ तर त्याच्या अंतःकरणात काठोकाठ होता. तो असूनही माणसे जातात कशी, हे कोडे त्याला उलगडेना.

जळकोटच्या पाटीपासून हाकेच्या अंतरावर, हमरस्त्याच्या कडेला त्याने गतवर्षी जे घर बांधले, ते एका छताखाली दोन संसार अशा बेताचे होते. मधोमध भिंत. भिंतीच्या पूर्वेस तो स्वतः, पत्नी उमादेवी आणि वडिलांची थोरली बहीण शांताक्का. पश्चिमेस तितक्याच खोल्या, तितक्याच खिडक्या, तीच फरशी. टाकी एक, अंगण एक, फाटक एक. मधल्या भिंतीत एक दार ठेवलेले होते. ते कशाला, असे गवंड्याने विचारले असता ‘असू द्या, अडीअडचनीला’ असे उत्तर नंदीशने दिले होते आणि कडी आपल्या बाजूने बसवून घेतली होती. पश्चिमेच्या बाजूत दसऱ्याला बब्रुवान व त्याची पत्नी निकिता राहावयास आली. बब्रुवान मूळचा परंड्याचा, येथील जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. परंतु ज्याच्या हातात जनावराचे इंजेक्शन असते त्याला गाव डॉक्टरच म्हणते. निकिता तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करीत होती आणि परीक्षा पुढच्याच महिन्यावर येऊन ठेपली होती.

भाडेकरी जातात, दुसरे येतात, असे कोणी म्हणेल. पण नंदीशच्या बाबतीत तसे नव्हते. त्याचा थोरला भाऊ विरुपाक्ष याला ती पश्चिमेची बाजू ठिबकच्या पाइपांचे गोदाम म्हणून पहिल्यापासून हवी होती. जागा वडिलांची, तेव्हा शब्दही वडिलांचा. शरणबसप्पांनी वास्तुशांतीच्या दिवशीच सर्वांसमक्ष सांगून टाकले होते, “येळवशीला बघू. तवर भाडेकरी सुखानं नांदला तर ती बाजू नंद्याची. न्हाई नांदला तर इरूची. घर बांधनं येगळं आन् घरात परक्याला नांदवनं येगळं.”

आणि आज येळवस होती.

* * *

उमादेवी स्वयंपाकघरात टोपली भरत होती. बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, तिळाच्या पोळ्या, शेंगदाण्याच्या पोळ्या, गव्हाची खीर, आणि हरभरा, तूर, वाल, वाटाणा अशा सर्व हिरव्या शेंगांची ती भज्जी, जी वर्षातून याच दिवशी अशी होते आणि जिच्या वासाने या भागातील माणूस पुण्या-मुंबईत असला तरी गावाकडे निघतो. नवऱ्याचा चेहरा पाहताच तिने हातातील पळी खाली ठेवली.

“काय झालं?”

नंदीशने चिठ्ठी पुढे केली. तिने वाचली, आणि मधल्या दाराची कडी लागली आहे ना, हे आधी पाहून घेतले.

“तुम्ही काय केलंत?” ती हळूच म्हणाली.

“म्या काय करनार? टाकीचा कॉक तेवढा चुकला. तीनदा. माझं बंद करायला गेलाव आन् त्यांचं बंद केलाव.”

“चारदा. आंगाला साबन लावल्याला मानूस बाहेर येऊन ओरडत होता.”

“आन् म्हशीवाले येत्यात की फाटकावर, डॉक्टर डॉक्टर करत. म्या त्यांना वरडून सांगतो, डॉक्टर झोपलेत, हळू बोला.”

“तुमच्या वरडन्यानंच उठत्यात ते.”

नंदीश खाली बसला. “करारातली ती सतरा कलमं तर लागली नसतील त्यांच्या मनाला? लातूरच्या दोस्तानं लिहून दिली तशी म्या सही घेतली. भिंतीला खिळा ठोकू नये म्हनून होतं त्यात. खिळा तर म्याच जाऊन ठोकून दिलाव. दोन.”

उमादेवीला हसू आले, परंतु ते ओठांपर्यंत येऊन थांबले. गावठाणापासून दूर या रस्त्याकाठच्या घरात दिवसा तिला सोबत होती ती भिंतीपलीकडील त्या मुलीचीच. दुपारी निकिता मोठ्याने वाचत असे. फेरफार, नोंदवही, कलम अमुक, कलम तमुक. त्यातले अक्षर कळत नसूनही उमादेवीला ते ऐकत शेंगा सोलायला आवडे. गेला महिनाभर तो आवाज बंद पडला होता. त्याऐवजी पलीकडून तळणीचा आवाज येई. हे तिला आत्ता, या क्षणी आठवले. परंतु त्याचा अर्थ काही तिला लागला नाही.

“आज कुनालाच सांगू नका,” ती म्हणाली. “आप्पांना तर न्हाईच.”

“आन् आक्काला?”

“आक्कांना सांगनं आन् पंचायतीच्या भोंग्यावर सांगनं, येगळं हाय व्हय?”

तेवढ्यात शांताक्का आतून आली. हातात झाकण लावलेले मोठे पातेले होते. “हे येगळं ठेव गं उमा. पलीकडल्या पोरीचं हाय,” एवढे बोलून तिने ते टोपलीच्या शेजारी ठेवले आणि मनगट चोळत ती ओसरीवर गेली.

* * *

शरणबसप्पा विरुपाक्षासह ट्रॅक्टर घेऊन आले तेव्हा आठ वाजले होते. पंचाहत्तरीचे वय, कपाळी विभूती, पांढरे धोतर, आणि आवाज असा की शेजारच्या शिवारातील पाखरे उडावीत. ट्रॉलीत विरुपाक्षाची बायकामुले आधीच बसली होती.

“भाडेकरी कुठायत?” त्यांनी आल्या आल्या विचारले.

“त्यांना काम असंल आप्पा,” नंदीश घाईने म्हणाला. “दवाखाना…”

“आज म्हशी बी आजारी पडत न्हाईत. येळवशीला घरात मानूस ठिवून कुनी शेतात जातं व्हय? रस्त्यानं जानाऱ्याला बी हाक मारून जेवू घालतो आपन. बोलव त्यांना.”

अशा रीतीने ज्यांना वडिलांच्या दृष्टीपासून दूर ठेवावे असे नंदीशला मनोमन वाटत होते, ती दोन माणसे वडिलांच्या अगदी समोर येऊन बसली. नंदीश दोहोंच्या मध्ये अंग चोरून बसला, जणू त्याच्या देहामुळे बोलण्याला आडोसा होणार होता. शांताक्काने निकिताला आपल्याजवळ ओढून घेतले. विरुपाक्षाने मात्र खिशातून मोजपट्टी काढून गुडघ्यावर ठेवली.

“डॉक्टर, तुमच्या मागच्या खोलीची लांबी किती भरंल हो? सोळा फूट?”

“मोजली न्हाई कधी.”

“म्या मोजतो की. येऊ का उद्या?”

“दादा,” नंदीश म्हणाला, “त्यांचं सामान हाय तिथं.”

“सामान काय, हलतंय.”

बब्रुवानने नंदीशकडे पाहिले, नंदीशने आभाळाकडे पाहिले, आणि ट्रॅक्टरने गचका दिला म्हणून सर्वच एकमेकांवर आदळून हसले.

शिवार त्या दिवशी जत्रेसारखे फुलले होते. काळ्या रानात हिरवी ज्वारी, तुरीच्या शेंगांचे भार, घाट्यांनी लगडलेला हरभरा; आणि प्रत्येक शेतात कडब्याची एक छोटी खोप, खोपीत चुन्याने रंगविलेले पाच पांडवांचे दगड. शरणबसप्पांनी पूजा केली. मग दोन्ही भाऊ आंबिलीचा घट घेऊन पिकाभोवती शिंपडत फिरले. पुढे विरुपाक्ष, मागे नंदीश, आणि दोघांच्या मुखी धरणीला साद घालणारी ओलग्याची पिढीजात हाळी. शेजारच्या शेतातूनही तीच हाळी उठली, त्याच्या पलीकडूनही. निकिता बांधावर उभी राहून पाहत होती.

“आमच्या परंड्याकडं एवढा थाट नसतो,” ती उमादेवीला म्हणाली.

“मग पुढल्या वर्षी बी या,” असे उमादेवीच्या तोंडून निघून गेले, आणि त्यासरशी दोघींनीही एकमेकींकडे पाहण्याचे टाळले.

* * *

पंगत खोपीसमोर बसली. शरणबसप्पांच्या डाव्या हाताला बब्रुवान, उजव्या हाताला विरुपाक्ष. नंदीश वाढत होता. वाढणाऱ्यास कोणी प्रश्न विचारीत नाही, असा त्याचा हिशेब होता.

“डॉक्टर,” शरणबसप्पा म्हणाले, “आमच्या नंद्याचं घर कसं वाटतंय?”

नंदीशच्या हातातील आंबील विरुपाक्षाच्या मनगटावर सांडली.

“घर चांगलंय आप्पा.”

“आन् घरवाले?”

“घरवाले तर…” बब्रुवानने उंडा मोडला, पुन्हा जोडला. “लईच चांगले.”

“लईच म्हंजे किती?” विरुपाक्षाने मनगट पुसत विचारले.

बब्रुवानने पुन्हा उंडा मोडला, तेवढ्यात बायकांच्या पंगतीतून शांताक्का उठली. तेच मोठे पातेले तिने दोन्ही हातांनी निकितापुढे ठेवले व झाकण काढले. आत गळ्यापर्यंत भज्जी, वर केळीच्या पानात उंडे, त्यावर पोळ्यांची चळत.

“हे घे बाळ. सांजंला चूल पेटवू नको.”

निकिताने पातेल्याकडे पाहिले. तिचा चेहरा आधी हसरा राहिला, मग थरथरला, आणि मग भर पंगतीत, ज्या दिवशी कोणी रडू नये अशा त्या सणाच्या दिवशी, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले.

“अय्यो यव्वा!” शांताक्का मटकन खाली बसली. “काय झालं गं पोरी? तिखट लागलं?”

“आक्का,” निकिता म्हणाली, “हे भांडं मी आता कशानं परत करू?”

शांताक्काने आधी पातेल्याकडे, मग तिच्याकडे पाहिले.

“म्हंजे?”

“कुणाचं भांडं रिकामं परत करू नको, त्या घराला बरं नसतं, असं सांगून आईनं मला सासरी धाडलं. दसऱ्याला तुमची साखरेची वाटी आली. मी वाटीत लाडू घालून दिले. दुसऱ्या दिवशी तुमचा डबा आला. मी चिवडा दिला. मग कढई आली. कढई कशी रिकामी देऊ? मी चकल्या केल्या. मग पातेलं. परवा तर परात आली आक्का! मला परातभर काही करता येत नाही. पुस्तक उघडून बसलं की मधल्या दारात भांडं वाजतं. परीक्षेला महिना राहिला आणि मी दिवसभर तळतीय.”

शांताक्काचे तोंड उघडे राहिले होते. गेल्या तीन महिन्यांचा सगळा पट तिच्या डोळ्यांपुढून सरकत होता, परंतु उलट्या बाजूने.

“पर पोरी,” ती क्षीण स्वरात म्हणाली, “म्या तर तुझं देनं फेडायले की.”

“माझं?”

“तू डब्यात चिवडा दिलास. चिवडा देनारीला म्या रिकामं ठिवू? आमच्या आईनं काय येगळं शिकवलं व्हय? म्हनून कढई दिली. तू एवढ्या चकल्या दिल्यास, त्याच्यावर म्या वाटी देऊन बसू? माझी मनगटं बघ. रोज पहाटं उठून मनात म्हनते, देवा, ही परंड्याची पोरगी लई दानशूर हाय, आज तरी हिला काई सुचू देऊ नको.”

त्यावर शरणबसप्पांच्या पोटातून जे हसू निघाले, ते आधी धोतराच्या निऱ्यांत हलले, मग छातीत चढले, आणि शेवटी असे फुटले की शेजारच्या शेतातील पंगतीने माना वळवल्या. विरुपाक्षाने ताट बाजूला सारून मांडीवर थाप मारली. उमादेवी पदर तोंडावर धरून खोपीमागे पळाली. शांताक्का एक डोळा पुशीत होती आणि दुसऱ्याने हसत होती.

“आन् खाल्लं कुनी हे सगळं?” विरुपाक्षाने विचारले.

“मी,” बब्रुवान गंभीरपणे म्हणाला. “दोन्ही बाजूंचं. परवा दवाखान्यात वासरांच्या काट्यावर उभा राहिलो. सात किलोंनी वाढलोय.”

पुन्हा हशा उसळला. त्या हशातच निकिताही हसली, आणि हसता हसता, मन हलके झालेल्या माणसाला भान राहत नाही त्याप्रमाणे, बोलून गेली, “म्हणून तर चिठ्ठी दिली. भांडण नको, कुणाला वाईट नको, आपण गपचूप जावं म्हटलं.”

हशा थांबला.

“कुठं जावं?” शरणबसप्पांनी विचारले.

* * *

नंदीशने वाढण्याची पळी खाली ठेवली. एकदा त्याने उमादेवीकडे पाहिले. ती खोपीमागून बाहेर आली होती आणि तिने मान हलवली, आता सांगा.

“आप्पा, त्यांनी सकाळीच चिठ्ठी दिली. घर सोडत्यात. म्या लपवली.”

“कवर लपवनार होतास?”

“आजच्या दिसभर. तुम्ही शब्द टाकोस्तवर.”

विरुपाक्ष खाकरला. “मग आप्पा, ठरल्यापरमानं…”

“थांब इरू.” वडिलांचा आवाज आता खाली आला होता, आणि तो खाली आला की दोन्ही मुलांना लहानपणापासून अधिक भीती वाटे. “नंद्या, भाडेकरीन रडली. का रडली ते तुला ठावं न्हाई. तीन महिने त्याच भितीला पाठ लावून बसतूस. आता कळलं. घरमालक तू हाईस, म्या न्हाई. काय करनार?”

आयुष्यात नंदीशला असा प्रश्न फार वेळा कोणी विचारलेला नव्हता. विरुपाक्षाने दुकान काढले ते वडिलांच्या सल्ल्याने; नंदीशने दोन म्हशी घेतल्या त्या भावाच्या सल्ल्याने आणि विकल्या त्या चुलत्याच्या. हे घर तेवढे त्याने स्वतःच्या मनाने बांधले होते. त्याने पातेल्याकडे पाहिले, मग आत्याकडे.

“आक्का,” तो म्हणाला, “हिच्या हातून हे भांडं तुम्ही आजच रिकामं परत घ्या.”

“रिकामं?” शांताक्काने गळ्यातील लिंगावर हात ठेवला. “येळवशीच्या दिशी?”

“व्हय. आन् मधल्या दाराला त्यांच्या बाजूनं बी कडी लावतो. भांडं द्यायचं तर पुढल्या दारानं, त्यांनी उघडलं तरच. परतीचं भांडं रिकामंच यील. आमच्या घरातला नेम म्हना.”

“नेम म्हनं!” विरुपाक्ष म्हणाला. “नंद्या, सनाच्या दिशी असलं अभद्र बोलू नको. आक्का म्हनती ते बरोबर हाय.” जन्मात पहिल्यांदाच त्याने आत्याची बाजू घेतली होती, आणि ती का, हे मोजपट्टीसह सर्वांस दिसत होते.

“भावजी,” उमादेवी पुढे झाली. थोरल्या दिरासमोर ती सहसा बोलत नसे. “भरलं भांडं परत देऊन देऊन घर रिकामं व्हायलंय. त्ये अभद्र न्हाई का?”

विरुपाक्षाने मोजपट्टी खिशात घातली. सर्वांच्या नजरा शांताक्काकडे वळल्या.

शांताक्का पातेल्याजवळ बसून होती. एकोणिसाव्या वर्षी ती विधवा होऊन माहेरी परतली, तेव्हापासून तिच्यापाशी स्वतःचे म्हणावे असे काही नव्हते; होते ते एवढेच की आपल्या हाताने भरून कोणाला तरी द्यावे. देता देता आपण कोणावर ओझे झालो असू, हे तिच्या मनास कधी शिवले नव्हते. आता शिवले, आणि ते भज्जीच्या तिखटापेक्षा अधिक झोंबले. परंतु समोर ती पोर रडून लाल झालेले नाक पुशीत होती, आणि त्या नाकाकडे पाहता पाहता शांताक्काला राग कोणाचाच येईना.

“आधी रिकामं तर व्हऊ द्या,” ती म्हणाली. “भज्जी काय मातीत ओतू?”

“आन इकडं!” शरणबसप्पा गरजले. “इरू, उंडे घे. डॉक्टर, तुम्ही बी.”

“मी नको आप्पा.”

“घ्या म्हनतो ना. सातचे आठ व्हऊ द्या.”

मग त्या एका पातेल्याभोवती सगळे कुटुंब बसले. ताटे बाजूला राहिली. विरुपाक्ष उंड्याने भज्जी ओरपीत होता, मुले पोळ्या पळवीत होती, शरणबसप्पांनी स्वतःच्या हाताने निकिताला एक घास दिला व तिने तो लाजत घेतला. बांधावरून जाणाऱ्या दोन अनोळखी मोटारसायकलवाल्यांनाही हाक मारून बसवले गेले. थोड्याच वेळात पातेल्याचा तळ दिसू लागला, आणि तळ दिसल्याचा एवढा आनंद त्या घराण्यात पूर्वी कधी झाला नसावा.

निकिताने विहिरीच्या पाण्याने ते घासून लख्ख केले. दोन्ही हातांत धरून ती शांताक्कासमोर आली. 

“दे,” शांताक्का म्हणाली आणि तिने पदर पुढे केला.

रिकामे पातेले पदरात पडले. क्षणभर शांताक्काने डोळे मिटून घेतले. नंतर एक उघडला, आभाळाकडे पाहिले, ज्वारीकडे पाहिले.

“काई झालं न्हाई,” ती आश्चर्याने म्हणाली. “लई हलकं लागतंय गं.”

“आता भाडेकरनीचं म्हननं काय?” शरणबसप्पांनी विचारले.

निकिताने बब्रुवानकडे पाहिले. “आप्पा, सगळ्यांसमोर लगेच हो म्हणायला लावू नका. घरी जाऊन दोघं बोलतो. संध्याकाळी सांगते.”

“बरोबर हाय. म्या इचारायला यीन.”

नंदीश रिकामी ताटे गोळा करू लागला.

* * *

दिवेलागणीला सर्व मंडळी नंदीशकडे उतरली. पश्चिमेच्या बाजूचा दिवा लागलेला होता. शरणबसप्पांनी चहाची कपबशी खाली ठेवली, काठी घेतली आणि ते उठले. मधले दार त्यांच्यापासून चार पावलांवर होते.

“आप्पा, हिकडून,” विरुपाक्षाने कडीला हात घातला.

शरणबसप्पांनी मान हलवली. ते ओसरीवर गेले, पायऱ्या उतरले, गुडघे धरीत अंगणातून वळसा घालून पलीकडच्या पायऱ्या चढले. त्यांची काठी टक टक करीत दूर गेली आणि भिंतीपलीकडे थांबली.

इकडे चौघांनी एकाच वेळी भिंतीला कान लावले. मालकीणबाईचा कान भाडेकऱ्याच्या भिंतीला लागू नये, असे सतरांपैकी एकाही कलमात नव्हते.

“काय करायलेत?” शांताक्काने कुजबुजून विचारले.

“उभे हाईत,” उमादेवी म्हणाली. “हाक बी मारीनात.”

खरी गोष्ट अशी होती की शरणबसप्पांना कोणाचे दार वाजवावे लागल्याचा प्रसंगच उभ्या आयुष्यात आला नव्हता. ते जेथे जात तेथे त्यांचा आवाज आधी पोहोचत असे. आज तो काढू नये असे त्यांना वाटत होते, आणि त्यावाचून आत कसे कळवावे ते उमगत नव्हते. ते एकदा खोकले. मग काठीच्या मुठीने दाराला, तान्ह्याच्या पाठीवर थोपटावे तसे, दोनदा थोपटले.

दार उघडले. “या की आप्पा!” बब्रुवानचा आवाज. “बाहेर का उभे? तुमचंच घर हाय.”

“आमचं असतं तर उभा राह्यलो असतो व्हय?” शरणबसप्पा म्हणाले. “तुमी या म्हना, मग येतो.”

भिंतीच्या अलीकडे नंदीशने डोळे मिटले.

“या,” निकिता म्हणाली.

काठी आत गेली. खुर्ची सरकली. त्यानंतरचे बोलणे इतके हळू झाले की विरुपाक्षाने दुसरा कान लावून पाहिला, शांताक्काने श्वास धरला, आणि उमादेवीने नंदीशचा हात केव्हा धरला हे तिचे तिलाही कळले नाही. एकदा निकिता काहीतरी म्हणाली. शरणबसप्पा ‘बरं’ म्हणाले. पुन्हा ती काहीतरी म्हणाली. पुन्हा ‘बरं’. आणि मग तो आवाज, शिवारातला, पूर्ण ताकदीचा, भिंत भेदून आला.

“इरू! कान काढ भितीचा, आन् तुझ्या पाइपांना दुसरी जागा बघ. ऱ्हानार हाईत ती!”

विरुपाक्ष चटका बसल्यासारखा मागे सरला. उमादेवी मटकन खाली बसून हसू लागली. नंदीशला हसावे की आणखी काही करावे हे कळेना. तो उगाच जाऊन टाकीचा कॉक पाहून आला. दोन्हीकडचा सुरू होता.

“घे,” विरुपाक्ष खिशातली मोजपट्टी त्याच्यापुढे टाकीत म्हणाला. “कडी बसवायला लागंल. दार मोजून घे, न्हाईतर उलटी बसवशील.”

“दादा, राग आला?”

“आला व्हता. भज्जीत गेला.” थोडे थांबून तो म्हणाला, “आता मागच्या अंगनात एक शेड घालून दे मला. भाड्यानं.”

“तुला भाडेकरी करू? सतरा कलमं हाईत.”

“शू!” शांताक्का दोघांवर डाफरली. “हळू बोला रे मेल्यांनो. पोरगी वाचायली.”

खरोखरच पलीकडून महिनाभरापूर्वीचा तो आवाज येत होता, स्पष्ट, पाठ म्हणतानाचा. आणि त्यात मध्येच दुसरा, जाडाभरडा.

“पोटखराबा म्हणजे काय?” निकिता स्वतःलाच विचारीत होती.

“मला इचार की,” शरणबसप्पा म्हणाले. “आपल्या सातबाऱ्यावर असती पर जी कसता येत न्हाई ती जमीन. वढ्याची, वाटंची, हिरीची. पीक न्हाई दिसत तिच्यात. पर सगळं गाव तिथनंच येतंय-जातंय, आन् पानी बी तिथलंच पितंय.”

“आप्पा, पेपरात एवढं नसतं. चारच पर्याय असतात. एक, दोन, तीन, चार.”

“असूंदेत चार,” शरणबसप्पा म्हणाले. “पाचवा म्या सांगितला. फुडला इचार.”